आधी चूक सांगा

फोन पद्मजाचा होता. "काका, आज्जा गेला... सकाळी चहा प्याला, पेपर उघडला आणि बसल्या जागी गेला." रविवार होता आणि मी अण्णांकडेच निघालो होतो. अशा वेळी काय बोलावं ते मला कधीच सुचत नाही. मी विचारलं, "पेपरात काय बघत होते?" पोरगी रडता रडता हसली. "पुरवणीतलं चित्र." का कोण जाणे, मला हायसं वाटलं. बाहुबली अण्णांनी असंच जायला हवं होतं.

महिना उलटून गेला. अण्णा मूळचे गडहिंग्लजचे. कोल्हापुरात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि दुकानावरच्या माडीत ट्रंका भरून चित्रं. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, देवादिकांची कॅलेंडरं, काडेपेट्यांची लेबलं, गोष्टींच्या पुस्तकांतली शाईची रेखाटनं. नव्याचंही वावडं नव्हतं. चिवड्याच्या पाकिटावरचं चित्र आवडलं तर पाकीट धुऊन, वाळवून ट्रंकेत जायचं. फ्रेम मात्र एकालाही नाही. "भित्तीवर टांगलं की माणूस बघायचं सोडतोय," म्हणायचे. दर रविवारी अण्णा, गारगोटीहून एसटीने येणारे चित्रकलेचे निवृत्त सर आणि मी असे तिघे माडीवर जमायचो. हात धुवायचे आणि एकेक चित्र हातोहात फिरवायचं. नियम एकच, आधी चूक सांगायची. सरस्वतीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर छापलाय, रथाला घोडे चार आणि पाय मात्र चौदा... मी जन्मभर वकिली केली, पण कोर्टातही इतका तावातावाने भांडलो नसेन. चूक शोधायच्या नादात चित्र इंच न् इंच बघून व्हायचं आणि बघता बघता जीव जडायचा. ज्या चित्रात मन रमलं नाही, त्याला अण्णा "चांगलं हाय" म्हणत आणि बाजूला ठेवत. त्या माडीवर याहून मोठा अपमान नव्हता.

त्यांची नात पद्मजा हेच ऐकत वाढली. आता ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, तीही टॅबवर. नवं चित्र झालं की हौसेने माडीवर यायची. अण्णा लांबूनच बघून म्हणायचे, "चांगलं हाय बाळ." ती गुमान खाली जायची. एकदा जिन्यात मला म्हणाली, "काका, पुस्तकं छापून येत्यात, लोक कौतुक करत्यात. आज्जाच्या तोंडनं एक चूक निघंना बघा." मला राहवलं नाही. मी अण्णांना टोकलं, तर म्हणाले, "वकीलसाहेब, कागद हाताला लागल्याबिगर मला दिसतच न्हाय. काय करू?"

गेल्या उन्हाळ्यात तिने टॅब सरळ त्यांच्या हातात ठेवला. अण्णा म्हणाले, "थांब." नियमाप्रमाणे आधी हात धुऊन आले. ओलं बोट लागताच जत्रेचं ते चित्र एकदम फुगलं, त्यातली बाई गायब झाली आणि पडद्यावर उरलं तिचं नुसतं पाऊल. अण्णा गोरेमोरे झाले. "माझ्या हातनं फिसकाटलं की गं सगळं." आम्ही हसून हसून बेजार. अण्णांचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते त्या पावलाकडे टक लावून बघत बसले होते. मग म्हणाले, "कोल्हापूरची हायस न्हवं? मग चपलेला अंगठ्याची वादी कुठाय? चार पावलात निसटंल की ही चप्पल."

पद्मजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिची आई धावत वर आली. "मामंजी, कशाला रागावताय पोरीवर?"

"आई, तू गप," पद्मजा म्हणाली. "आज्जा, आणखी सांग की."

त्या दिवशी अण्णांनी संध्याकाळपर्यंत चुका काढल्या. आजोबा आणि नात, दोघांनाही इतकं खूश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या रविवारी, अण्णा गेल्यावर पहिल्यांदाच, आम्ही माडीवर जमलो. पद्मजाने अण्णांचं चित्र काढलं होतं. सरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "छान झालंय." मीही म्हणालो, "फारच छान." तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हणजे बाजूला ठेवू?"

माझा चेहरा पडला. मी टॅब पुन्हा मागून घेतला आणि सावकाश बघू लागलो. मग सापडलं. "चष्मा चुकलाय. चित्र बघताना अण्णा चष्मा कपाळावर चढवायचे आणि डोळे बारीक करायचे. नाकावर चष्मा म्हणजे हा माणूस दुकानात बसलाय."

ती खुदकन हसली. तिथल्या तिथे चित्रातला चष्मा खोडला, कपाळावर चढवला, डोळे बारीक केले आणि टॅब आमच्यापुढे धरला. आता अण्णा आमच्याकडेच बघत होते, आमच्यात काय चुकलंय ते शोधत. सर आणि मी, दोघेही नकळत सावरून बसलो.