मांडवामागची एसटी

झेंडूच्या हारांचा वास आला की माझं डोकं फिरतं. नव्वदच्या दशकात आमचे एक पुढारी फुकटात जपान फिरून आले, तर त्या पराक्रमाच्या सत्काराला बेल्ह्याच्या एसटी स्टँडच्या तोंडावरच मांडव घातला. तिथल्या एका शहरात ट्रामचं जाळं कसं टिकवून ठेवलंय, ट्राम कुणासाठी कशी थांबत नाही, हे ते गळ्यातले हार मिरवत सांगत होते आणि मांडवामागं अडकलेली एसटी हॉर्न मारत होती. तापानं फणफणलेलं पोर दवाखान्यात न्यायला निघालेली एक बाई एसटीतून उतरून मांडवात येऊन म्हणाली, "भाऊ, तुमची ट्राम लई भारी, पन आमच्या एष्टीला वाट द्या." "हेच तर सांगतोय मी! दळणवळण सुधारलं पाहिजे!" पुढारी गरजले. टाळ्या पडल्या. बाई पोराला खांद्यावर टाकून चालत निघाली. आता पुढाऱ्यांचा मुलगा मेट्रोवर भाषण देतो. मांडव तिथंच असतो.