वारा व्हिडिओत आहे, आवाजात नाही

भूतबाधा, आत्मा वगैरेंवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी यादी करून जगणारी बाई. कुलरचं गवत कधी बदलायचं तेही माझ्याकडे लिहिलेलं असतं. म्हणून जे घडलं ते आहे तसंच सांगते...

आम्ही तिरोड्याचे. घरी धानाची शेती, आणि हॉलमध्ये पियानो! माझे सासरे, बाबूजी, गोंदियाच्या एका बंद पडलेल्या शाळेची बाकं घ्यायला गेले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, तणसाच्या पेंढ्यांवर ठेवून, पियानो घेऊन आले.

"बाकं कुठे आहेत?" मी विचारलं.

"पोरीले बाकं कायले पाहिजे?"

पोरगी म्हणजे माझी रेणू. ती त्याच पियानोवर शिकली. उन्हाळ्यात लाइट गेली की बाबूजी तिच्या डाव्या बाजूला स्टूल टाकायचे आणि बांबूच्या पंख्याने वारा घालत बसायचे, कारण घामाने तिची बोटं घसरत. ती थांबली की म्हणायचे, "काऊन थांबली? मी वारा घालून राहिलो ना!"

२०१२ च्या जानेवारीत बाबूजी गेले. मे महिन्यात रेणूला पुण्याच्या एका संगीत अभ्यासक्रमासाठी व्हिडिओ पाठवायचा होता. अट अशी, की वादन एका दमात हवं, मध्ये काटछाट नको.

मी कामाला लागले. हँडीकॅमचा स्वतःचा माइक बाद केला. हळू सूर आला की तो आवाज आपोआप वाढवायचा, जोरात आला की दाबायचा. म्हणून कॅमेरा फक्त चित्रासाठी — ट्रायपॉडवर, बाजूने, हात दिसतील असा. आवाजासाठी सेलवर चालणारा वेगळा रेकॉर्डर, नोटेशनच्या पानाशेजारीच. दोन्ही नंतर जुळवता यावेत म्हणून सुरुवातीला एक टाळी. माइकवर घालायची केसाळ टोपी मात्र मी यादीतून काटली. बंद घरात वारा कुठला? तरी चाचणी घेतली होती... हातपंख्याची साधी झुळूक लागली तरी रेकॉर्डरमध्ये भुर्रर्र यायचं.

राहिली शांतता. कुलर, फ्रिज, शेजारची राइस मिल — हे सगळं एकदम गप्प व्हायचं ते लोडशेडिंगमध्येच. आमचे हे हसले, "लोक लाइट यायची वाट पाहतात, अन् तू जायची!"

शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी लाइट गेली. मी खिडक्या लावल्या, फटींत गोधड्या कोंबल्या. हॉलची भट्टी झाली. पहिले दोन टेक बोटं घसरून वाया गेले.

रेणू रडवेली झाली. "आई, नाही होत माझ्याच्यानं."

"एकदा अजून," मी म्हटलं आणि कॅमेऱ्यामागे श्वास रोखून उभी राहिले.

तिसऱ्यांदा ती शेवटपर्यंत वाजवत गेली. एकही सूर चुकला नाही.

"बरं झालं आई, तू वारा घालून राहिली होतीस," ती वळून म्हणाली.

मी? मी कॅमेऱ्यापासून हललेच नव्हते!

लाइट आल्यावर टीव्हीला जोडून पाहिलं. पहिल्या दोन टेकमध्ये सगळं स्थिर. तिसऱ्यात रेणूच्या डाव्या कानाजवळच्या बटा उडतायत, खाली येतायत, पुन्हा उडतायत... नोटेशनच्या पानाचा कोपराही तसाच, त्याच संथ लयीत. आणि रेकॉर्डरमध्ये? नुसता पियानो. भुर्रर्र कुठेच नाही.

हे उठून खिडकीच्या एकेका फटीवर हात फिरवत राहिले. मग बाबूजींचं स्टूल पियानोच्या डाव्या बाजूला ठेवून आले.

रेणूला प्रवेश मिळाला. खुलासा मात्र मला आजवर सापडलेला नाही. ओळखीच्या इंजिनिअरलाही दाखवून झालं.

त्या डिसेंबरात रेणू सुट्टीत घरी आली, तेव्हा मी मुद्दाम पुन्हा रेकॉर्डिंग केलं. तीच जागा, तेच स्टूल, बंद खिडक्या. पान जरासुद्धा हललं नाही. माझा चेहरा उतरलेला पाहून रेणू शाल सावरत हसली.

"अगं आई, थंडीत बाबूजींनी कधी वारा घातलाय का?"