डोळ्यांतली हळद

शेवगावात फक्रुद्दीनचाचांचं मसाला कांडप शोधायला पत्ता लागत नाही. आधी शिंक येते, मग दुकान. चाळीस वर्षं मिरच्या नि हळकुंडं कुटून माणूस असा पिवळा झालेला, की कापडवाला त्यांना बघून पांढरे तागे आत सरकवायचा. घराचं तेच. उंबरा पिवळा, मांजर पिवळं, आणि चाळण धरणाऱ्या मुबारकबी तर कानाच्या पाळीपर्यंत पिवळ्या.

"लगीन एकदाच झालं," चाचा गिऱ्हाइकांना सांगत, "पन हळद अजून उतरंना."

"उतरली असती तर कवाच माहेरी गेले असते," चाळणीमागून उत्तर यायचं.

गेल्या हिवाळ्यात मुबारकबींचे गुडघे धरले. त्याच सुमारास निवृत्त मास्तर काकासाहेब हळद कुटून घ्यायला आले, ते खिशात कॅप्सूलची डबी घेऊन. पेन्शनीत वेळ जात नाही म्हणून त्यांनी या डब्या विकायचं काम धरलेलं. आधी स्वतः घेत, मग लोकांना देत. माणूस सरळ.

"हळदीतलं सत्त्व आहे, वहिनी. औषध नव्हे."

"ह्यांना इचारा. हळदीतलं ह्यांना कळतं."

राजापुरी कुठली, सेलमची कुठली, रंग कुणी मारलाय, हे चाचा चिमटीत ओळखत. त्यांनी एक कॅप्सूल फोडली, जिभेवर ठेवली आणि निकाल दिला, "घे बिनघोर. हळदीनं कुनाचं वाईट हुतंय व्हय? आपन तर नाकानं खातो."

गुडघे हलके झाले. म्हणून मुबारकबींनी एकीच्या दोन केल्या. दोनेक महिन्यांनी जेवण तुटलं, अंगाला खाज सुटली. खाज मिरचीची, आणि थकवा वयाचा, असं दोघांनी ठरवून टाकलं. तोंडावरचा पिवळेपणा वाढला, पण त्या घरात तो कुणाला दिसावा?

दिसला अल्मासला. श्रीरामपूरला दिलेली ही लेक ईदला आली. ओल्या फडक्यानं तिनं आईचं तोंड पुसलं. फडकं थोडं पिवळं झालं, तोंड होतं तसंच. तिनं आईला दारात उन्हाला आणलं, पापणी वर केली.

"अब्बा, डोळ्यांत कुठून आली हळद?"

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं, घरी काही औषध चालू होतं का. चाचांनी तिन्ही वेळा न्हाई सांगितलं. त्यांच्या लेखी हळद औषधात मोडतच नव्हती. चौथ्या दिवशी अल्मासनं आईच्या पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली.

"बाकीच्या तपासण्यांत कारण सापडत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून याच्यावरच संशय आहे. जेवणातली हळद वेगळी, चाचा. यात अर्क काढून दाबून भरतात, वर मिरीचं सत्त्व घालतात, अंगात जास्त भिनावं म्हणून. गुडघ्याला थोडा आराम पडतो असं काही लहान अभ्यासांत दिसलंय. बहुतेकांना त्रासही होत नाही. एखाद्याचं लिव्हर मात्र बिघडतं. कुणाचं, ते आधी कळत नाही."

"मी चाखून बघितली हुती."

लेकीपेक्षा लहान असलेल्या त्या बाईंनी चष्मा काढला. "चवीत नाही हो कळत."

चाचा खाटेशी बसले. "म्याच म्हनलो, घे."

"गुडघे दुखायचे मातर राहिले बघा," मुबारकबी म्हणाल्या. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली.

नवव्या दिवशी त्या गेल्या. घरी आणल्यावर आंघोळ घालून बायका बाहेर आल्या, तेव्हा चाचांनी त्यांच्या हातांकडं पाहिलं. हात स्वच्छ होते. पिवळं काहीच उतरलं नव्हतं.

चाळिसावा दिवस झाला आणि कांडप सुरू झालं. चाळण आता चाचाच धरतात. एक दिवस काकासाहेब हळकुंडाची पिशवी घेऊन आले आणि पायरीखालीच थांबले.

"चाचा, मी ते काम सोडलं. कसं सांगू तुम्हाला..."

चाचांनी मशीन बंद केलं. "तुमी सवता घेत हुता ना?"

"घेत होतो. बंद केल्या."

"वर बघा." चाचा पायरी उतरून आले. पिवळ्या अंगठ्यानं त्यांनी मास्तरांची एक पापणी उघडली, मग दुसरी. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी ते हलले नाहीत.

"पांढरे हायेत," चाचा म्हणाले. "तरी लिव्हरचं रक्त तपासून घ्या. म्या बघितलेलं खरं धरू नका."

मग त्यांनी पिशवी उचलली आणि काट्यावर ठेवली.