दुसरं यायचं

घामानं भिजलेल्या चामड्याचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली, अंथुर्ण्याच्या माळावरची टांग्यांची शर्यत आठवते. लगाम दादाच्या हातात, मी शेजारी बसलेलो. पहिला कोण आणि दुसरा कोण येणार, असा क्रमावरच जुगार लागला होता. शर्यत सुटण्याआधी जुगारवाल्यांचा एक माणूस आमच्या घोडीच्या मानेवर हात ठेवून हळूच म्हणाला, "तुमी दुसरं यायचं. म्होरं गेलात तर घर दिसायचं न्हाय." दादानं जीव खाऊन लगाम ओढला, पण पुढचा टांगा कलंडला आणि घोडी काही आवरेना. आम्ही पहिले आलो आणि न थांबता तसेच बारामतीच्या रस्त्याला लागलो. मागून एक जीप भरधाव आली तेव्हा दादानं टांगा कडेला घेतला. ती पुढं निघून गेली. आत वऱ्हाड होतं. दादा घोडीकडं बघत म्हणाला, "हिला कसं सांगणार, दुसरं ये म्हणून?" आमच्यामागं कधीच कुणी आलं नाही, तरी आजही मागच्या गाडीला वाट देताना मी श्वास रोखून धरतो.