सील न तुटता फिरलेला स्क्रू

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो, आणि खरं सांगायचं तर चहा पिता पिता वाचून हसणाऱ्यांतला मी. भूत, चकवा, कुणीतरी हाक मारली... असलं काही मला कधी पटलं नाही. धंद्यानेच मला तसं बनवलंय. मी डिझेलच्या पंप-नोझलचं काम करतो. पंपात जेवढं तेल जातं त्याचा हिशोब काचेच्या नळीत दिसतो. कमी-जास्त झालं तर कारण असतंच — स्प्रिंग बसलेली असते, वॉशर गेलेला असतो, नाहीतर गिऱ्हाईक खोटं बोलत असतं. चौथं कारण मी तरी पाहिलं नव्हतं.

माझं गाव बेल्हे, दुकान आळेफाट्याला. ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. तेव्हा टर्बोवाल्या पिकअप आमच्या भागात नव्याने दिसू लागल्या होत्या. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त म्हणजे डिझेलही थोडं जास्त जाळता येतं, आणि तेवढी ताकद वाढते. किती डिझेल जावं हे ठरवणारा एक स्क्रू पंपाला असतो. तो थोडा आत घेतला की गाडी जोरात ओढते. याला आमच्याकडे 'पंप वाढवणे' म्हणतात. ट्रकवाले, टेंपोवाले, बेल्ह्याच्या बाजाराला बैल नेणारे — सगळे येऊन एकच म्हणायचे, "मिस्त्री, जरा वाढवून द्या." मी वाढवून द्यायचो.

आषाढ संपत आला होता तेव्हा बुधाजी पहिल्यांदा आले. पन्नाशीचे, अंगाने काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यांची वाडी तळेघरच्या खाली दरीत. चाकणच्या एका भाजीवाल्याकडून सेकंडहँड टर्बोवाली पिकअप घेतलेली. त्यात ते हिरड्याची पोती, तांदूळ आणि माणसं वाहायचे. एस.टी. त्या बाजूला दिवसातून एखादीच. वाडीतून डांबरी रस्त्याला लागायचं तर दोन किलोमीटर खडी चढण, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी.

"चढाला दम धरत न्हाई," ते म्हणाले. "जावई म्हनतो ऑक्टेन का काय ते जास्त असलेलं तेल टाका. ते कुठं मिळतं?"

मला हसू आलं. "बुधाभाऊ, ऑक्टेन पेट्रोलचं असतं. तुमची गाडी डिझेलची. तेल कुठलं टाकता?"

"तळेघरला दुकानात क्यानमधी मिळतं ते."

टाकीतलं थोडं तेल काढून वास घेतला. रॉकेल मारलेलं होतं. म्हटलं, आधी हे बंद करा. घोडेगाव नाहीतर मंचरच्या पंपावरच भरा, तिथे ते महागातलं पॉवरवालं डिझेल मिळालं तर एकदा तेही टाकून बघा. बोलता बोलता त्यांनी खरं कारण सांगितलं. आदल्या पावसाळ्यात वाडीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. गाडीत घेऊन निघाले, तर गाडी त्या चढणीवर निम्म्यातच थांबली. बाई तिथेच बाळंत झाली. बाई वाचली, पण बाळ राहिलं नाही.

"आता माझी तारा आलीय बाळंतपनाला," ते म्हणाले. "पहिलटकरीन हाय. भादव्यात दिवस भरत्यात. मला काय बी करून जोर पायजे, मिस्त्री."

मी टाकी धुतली, फिल्टर बदलले, पंप काढून बेंचवर लावला. बेंच म्हणजे पंप फिरवून बघायचं मशीन. समोर काचेच्या नळ्यांत तेल पडताना दिसतं. पंप कंपनीच्या सेटिंगवर अगदी बरोबर होता. मी स्क्रू पाऊण फेरा आत घेतला. नळ्यांतली पातळी चढली. मग स्क्रू जागचा हलू नये म्हणून असलेला लॉकनट आवळला, आणि आमच्या पद्धतीप्रमाणे नटातून तार ओवून शिशाचं सील दाबलं. त्या सीलवर माझ्या दुकानाची खूण उमटते. ती दाबायची पक्कड माझ्या गल्ल्यात कुलपात असते. स्क्रूला हात लावायचा तर तार तोडावीच लागते.

आठ दिवसांनी बुधाजी परत आले. "दोन दिवस पळाली, मग व्हती तशीच झाली."

मला वाटलं, पुन्हा तेच क्यानमधलं तेल. पण टाकीतलं तेल स्वच्छ निघालं. सील बघितलं — शाबूत. पंप बेंचवर लावला, आणि नळ्यांतली पातळी बघून माझा विश्वास बसेना. बरोबर पहिल्याइतकी! सील तोडून स्क्रू मोजला, तर तो पाऊण फेरा बाहेर आलेला. लॉकनट मात्र मी आवळला होता तसाच घट्ट.

माझीच चूक झाली असणार, असं मी धरलं. कामाच्या गर्दीत सेटिंग राहून गेलं असेल. बुधाजींना तसं सांगितलंही. पुन्हा पाऊण फेरा आत घेतला, या वेळी स्क्रूच्या डोक्यापासून पंपाच्या अंगापर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ मारली. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ मोडून दिसेल. नवीन सील दाबलं. आजूबाजूच्या दोघांना बोलावून दाखवलंसुद्धा.

पाचव्या दिवशी गाडी परत दारात.

बॉनेट उघडलं. सील शाबूत. तारेला पीळ नाही. आणि पिवळी रेघ... अर्धी पंपावर होती तिथेच, आणि अर्धी स्क्रूबरोबर पुन्हा पाऊण फेरा फिरून बाजूला गेलेली.

शेजारच्या गॅरेजचे हनीफभाई इंजिनाचं काम करायचे. त्यांना बोलावलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हादऱ्यानं फिरला म्हणावं तर आधी नट ढिला व्हायला पायजे. नट तर माझ्याच्यानं हलंना. आन तार कशी तुटली न्हाई?"

मी बुधाजींना जरा कडक आवाजातच विचारलं, "कुणाला हात लावू दिलात? खरं सांगा."

त्यांचा चेहरा उतरला. "मी कशाला हात लावू दीन राव? मलाच तर जोर पायजे."

ते खरंच होतं. मला माझीच लाज वाटली.

मग मी ठरवलं, हे डोळ्यांनी बघायचं. पुन्हा सेटिंग केलं, पुन्हा रेघ, पुन्हा सील, आणि दुकान बंद करून स्वतः गाडीत बसलो. सकाळचे दहा वाजले होते. नारायणगाव, मंचर, घोडेगाव — गाडी मस्त पळाली. मागे हनीफभाईंनी वजनाला म्हणून वाळूची पोती टाकली होती, तरी गिअर पाडायची गरज लागत नव्हती. दर ठिकाणी थांबून मी बॉनेट उघडून बघत होतो. रेघ सरळ. डिंभ्याला चहा प्यायलो तेव्हाही सरळ. बुधाजी खुशीत होते. मला म्हणाले, "आता वाडीवर जेवूनच जायचं. हौसा भाकरी टाकून ठेवील."

पोखरीचा घाट लागला. पाऊस उघडला होता, धुकं नव्हतं, भातखाचरं हिरवीगार दिसत होती. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत गाडी तशीच चढली. आणि मग — धक्का नाही, आवाज नाही — ताकद हळूहळू कमी झाली. कुणीतरी शांतपणे हात मागे घ्यावा तशी. एवढंच मला सांगता येतं. आरशात मागचा धूर एकदम विरळ दिसायला लागला. बुधाजींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी गाडी कडेला घेतली.

मी बॉनेट उघडलं. भीती वाटलीच नाही. सील शाबूत होतं, नट गरम आणि घट्ट होता, आणि रेघ तशीच पाऊण फेऱ्याने मोडलेली होती. डिंभ्यापासून तिथपर्यंत आम्ही दोघंच गाडीत, बॉनेट बंद आणि गाडी चालू. कुणी हात लावायचा प्रश्नच नव्हता.

बुधाजी दगडावर टेकले. म्हणाले, "गाडी नगं म्हनतीया, मिस्त्री."

"मशीन काय बोलतंय, बुधाभाऊ?"

"बोलत न्हाई. पर तिसऱ्यांदा नगं म्हनलीया."

ते वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. घरी बैल नांगराला जुंपताना अडून बसला, तर आमचे वडील आधी त्याचा खांदा आणि खूर बघायचे, मग चाबूक. मी तीन वेळा नुसता स्क्रू फिरवत होतो. आत इंजिनाची काय अवस्था आहे, हे एकदाही बघितलं नव्हतं. बघायची पद्धतच नव्हती. गिऱ्हाईक म्हणतं वाढवा, आपण वाढवायचं.

"हेड उघडून, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण काढून बघू," मी म्हटलं.

बुधाजी तयार होईनात. चार दिवस गाडी बंद, आणि पोरीचे दिवस भरत आलेले. मधेच काही झालं तर? त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. शेवटी तोडगा निघाला. वाडीवर जाऊन त्यांच्या बायकोला, हौसाबाईंना, आणि ताराला त्याच दिवशी गाडीत घेतलं आणि घोडेगावला बुधाजींच्या बहिणीकडे पोचवलं. दवाखाना तिथून जवळ. वाडीतून वर येताना गाडी जुन्याच ताकदीवर, पहिल्या गिअरमध्ये, रडतखडत चढली. तारा खिडकीला धरून बसली होती. मी वाळूची पोती आधीच उतरवून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी हनीफभाईंनी हेड उतरवलं. चार पिस्टन. तीन ठीक. एका पिस्टनच्या डोक्यावर जी खोलगट वाटी असते, तिच्या काठापासून केसासारखी बारीक चीर गेली होती. आधी वाटलं काजळीची रेघ असेल. हनीफभाईंनी पिस्टन बाहेर काढला, पुसला, आणि हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकला. बोटाएवढा तुकडा निघून त्यांच्या तळहातावर पडला.

हनीफभाईंनी तो तुकडा आमच्यासमोर धरला. "अजून जास्त डिझेल जळलं असतं ना," ते म्हणाले, "तर गरमीनं हे चढावरच फुटलं असतं. इंजिन जाम. आन इंजिन बंद पडलं की ब्रेकचा जोर बी जातो."

बुधाजी शेजारीच उभे होते. त्यांनी तो तुकडा हातात घेतला. मला माहीत होतं त्यांना काय दिसत होतं... ती चढण, भरलेली गाडी, आणि मागे सरकत गेलेली चाकं.

नवीन पिस्टन-रिंगा आल्या, इंजिन बांधलं. शेवटी मी पंपाकडे आलो. स्क्रू पाऊण फेरा आत, नट, रेघ, सील. सगळं आधी केलं तसंच. त्याच पंपावर, त्याच स्क्रूवर.

या वेळी रेघ मोडली नाही.

पंधरा दिवसांनी बघितलं, सरळ. दिवाळीत बघितलं, सरळ. तो पंप पुढे सहा वर्षं मी सांभाळला. पेंट उडाला म्हणून दोनदा नवीन रेघ मारावी लागली, पण स्क्रू केसभरही हलला नाही. ताराला घोडेगावच्या दवाखान्यात मुलगी झाली. सव्वा महिन्याने बुधाजी तिला त्याच गाडीतून वाडीवर घेऊन गेले. पुढच्या पावसाळ्यांत त्या चढणीवरून त्यांनी किती जणांना वेळेवर वर आणलं याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही, मीही विचारली नाही.

मी हा प्रकार पुण्याच्या एका इंजिनियरना सांगितला. त्यांनी कंपनं, तापमान, धातूचं प्रसरण अशी बरीच कारणं दिली. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, तीनही वेळा बरोबर पाऊणच फेरा का? घट्ट नटातून आणि तार न तुटता कसा? आणि पिस्टन बदलल्यावर का नाही? ते म्हणाले, "तुमचं मोजण्यात चुकलं असेल." असेलही. पण रेघ मी एकट्याने बघितली नव्हती.

बुधाजींना एकदा मी विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं, कुणी केलं असेल? ते म्हणाले, "ज्यानं केलं त्यानं नाव सांगितलं न्हाई. आपुन कशाला लावायचं?"

माझं अजूनही भुताखेतांवर काही मत बनलेलं नाही. फक्त एक गोष्ट बदलली. आता कुणी 'वाढवून द्या' म्हणत आलं की मी आधी इंजिन तपासायला लावतो. काही गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे जातात. जाऊ देत. पण कधी दुपारी दुकानात एकटा बसलो की वेगळाच विचार येतो. त्याआधीच्या तेरा-चौदा वर्षांत मी शेकडो पंप वाढवून दिले. त्यातल्या बऱ्याच गाड्या पुन्हा माझ्याकडे आल्याच नाहीत. काम चोख झालं म्हणून आल्या नसतील, असंच मी तोवर धरून चाललो होतो.