खांबाभोवतीची दोन बोटं

मुलगा आखातात, अल बर्शाला राहतो. त्याच्याकडे गेलो आणि पहिल्याच आठवड्यात म्हटलं, मला त्या वाळवंटातल्या गावात घेऊन चल. तो म्हणाला, "बाबा, तिथं काय आहे? वाळूच बघायची तर सफारीला जाऊ." मी म्हटलं, सफारी तुझ्या बायकोला दाखव. मला ती दुर्बिणीची घुमटी बघायची आहे. मी बांधलेली.

"मी बांधलेली" हे मी कायम असंच सांगत आलो. शाळा चौथीपर्यंत, पण गवंडीकामात माझ्या हाताला तोड नव्हती. आखातातली शेवटची दोन वर्षं त्या घुमटीवर गेली. तेव्हा त्या गावात एक मशीद, एक मलबारी कॅफेटेरिया, टायरचं एक दुकान आणि आमचा कॅम्प. बाकी वाळू. रात्री एवढा काळोख की आपलाच हात आपल्याला दिसत नसे. म्हणून तर दुर्बीण तिथं.

माझ्याबरोबर आमच्या शेजारच्या गावचा एक जण होता. बायकोकडून लांबचा नातलगही लागायचा. त्याला हिंदी बरं यायचं, थोडं इंग्रजीही. इंजिनिअरचा निरोप तो आणायचा, काम मी करायचो. मला मेस्त्री म्हणायचा. खोलीत सहा माणसं होती, पण चहा आम्हा दोघांचा एकाच पातेल्यात व्हायचा.

घुमटीच्या मधोमध सिमेंटचा जाड खांब होता, थेट खाली पायातून वर आलेला. त्याच्यावर दुर्बीण बसणार होती. वरचा मजला ओतताना खांबाभोवती थर्माकोल लावला, मग काढला. गोल फट राहिली. ती बघून माझं डोकं फिरलं. असलं उघडं काम ठेवून कुठला गवंडी साइटवरून उतरेल?

"मेस्त्री, भरू नका. दोन बोटं जागा ठेवायला सांगितलीय."

"कशाला? विंचू पाळायला?"

"ते मला नाही माहीत. ठेवा म्हणालाय."

"गवंडी तू की मी? तुझं काम निरोपाचं. थापी माझ्या हातात आहे."

मी माल कालवला, फट गच्च भरली आणि वरून असा हात फिरवला की जोड शोधून सापडू नये. त्या संध्याकाळी मी खूश होतो, हे खोटं कशाला सांगू.

दुर्बीण बसली आणि बोंब झाली. त्या मजल्यावरून कोणी नुसतं चाललं तरी दुर्बिणीतला चंद्र थरथरायचा. पावलांचा हादरा खांबाला लागू नये म्हणून ती फट होती. मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, इंजिनिअरने आम्हाला रांगेत उभं केलं. कोणी भरली? मुकादम म्हणाला, निरोप कोणाकडे दिला होता? त्याच्याकडे. मग त्याने पोचवला नसणार. खलास.

त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी थापीला चिकटलेला माल नखाने खरवडत होतो.

आठ दिवसांत त्याचा व्हिजा रद्द झाला. त्याला गाडीपर्यंत सोडायला मी गेलो नाही. ड्युटी होती म्हणून सांगितलं. ती ड्युटी मी मागून घेतली होती. गावाकडे त्याच्याआधी बातमी पोचली. पोरंटोरं त्याला चंद्रहलव्या म्हणू लागली. मी कायमचा परतलो, तेव्हा एसटी स्टँडवर माझ्या देखतही म्हणायची. मी चहा पीत राहायचो.

तर शनिवारी मुलगा, आठ वर्षांची नात आणि मी निघालो. कॅम्पच्या जागी तारेचं कुंपण होतं, आत काहीच नव्हतं. कॅफेटेरियाचं शटर पडलेलं. आम्ही एवढी माणसं इथं राबलो, निजलो, याची एक वीटसुद्धा खूण म्हणून उरली नव्हती. घुमटी मात्र उभी होती, पांढरी.

आत दाखवायला एक बाई होती. खांबापाशी आल्यावर मला म्हणाली, "अंकल, इधर पाँव मत रखना."

खाली पाहिलं. फट पुन्हा उघडलेली, वर रबराची पट्टी. पट्टीच्या कडेने ब्रेकरने फोडल्याच्या खुणा होत्या, आणि त्या खुणांना लागून हातभर माझा गुळगुळीत गिलावा, अजून तसाच.

नात म्हणाली, "व्हाय इज देअर अ गॅप?"

बाईने तोंड उघडायच्या आत मी सांगितलं. हादरा, पाऊल, चंद्र, सगळं. बाई बघतच राहिली. मुलगा फुशारला. "ये सब मेरे बाबाने बनाया है."

"अच्छा! फिर वो किस्सा पता होगा," बाई हसली. "किसी मजदूरने पूरा गॅप भर दिया था."

"हाँ हाँ," मुलगाही हसला. "हमारे बाजू के गाँव का था." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलवावी म्हणून.

मी म्हटलं, "मी भरली."

"बाबा?"

"मी भरली. तो नको म्हणत होता."

"चला बाबा, बसा जरा. ऊन लागलंय तुम्हाला."

"मला ऊन लागत नाही. त्याला फोन लाव."

बाहेर गाडीपाशी मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आता काय मिळणार? उगाच नात्यात कडवटपणा. लोक विसरले."

"लोक विसरले. त्याला विसरू दिलं का? लाव म्हटलं ना."

बराच वेळ रिंग वाजली. तिकडे दिवेलागण झाली असणार. मग त्याचा आवाज आला. म्हातारा झालेला, पण तोच.

"कोण?"

"मी. मेस्त्री."

तिकडे मागे कुठेतरी भांडी वाजत होती. मी म्हटलं, "घुमटीपाशी आलोय. पोराला आत्ता सांगितलं, मी भरली म्हणून. गावात आलो की स्टँडवरही सांगणार."

मला वाटलं, फोन कट झाला. मग त्याने विचारलं, "किती फट ठेवलीय त्यांनी?"

"दोन बोटं."

"मी दोन बोटंच म्हणालो होतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी परत लावायला सांगितलं. मुलाने लावला. उचलला नाही. ऊन उतरलं होतं, वारा सुटून वाळू पायावर येत होती. नातीने माझा सदरा ओढला.

"आजोबा, व्हॉट डिड ही से?"

"माप सांगितलं," मी म्हटलं आणि गाडीत बसलो.