रुमालाखालचा भाव

काही माणसं आपल्या शहराच्या नकाशावर कायमची खूण ठेवून जातात. सलीम अशांपैकी एक होता, असं मी, तो गेल्यानंतरच्या चाळिसाव्याला, अकोल्यात चार लोकांसमोर म्हणालो आणि चौघांनीही माना डोलावल्या. त्याच बैठकीत घरांचे एक दलाल दुःख व्यक्त करायला आले होते. ते करून झाल्यावर त्यांनी सलीमच्या बायकोला, नसीमभाभीला, सुचवलं की एवढं घर एकटीनं कशाला सांभाळता. गिऱ्हाईक तयार आहे, भाव आत्ताच ठरवून टाकू. मला हसू आवरेना... भाव ठरवायला यांना हेच घर सापडलं.

सलीम मूळचा बार्शीटाकळीचा. वडील बैलबाजारात दलाल. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं दाबली जातात आणि शेजारी उभ्या असलेल्याला भाव कळत नाही. सलीम अमरावतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला आला, तिथं आमची दोस्ती झाली. कापसानं लागोपाठ दगा दिलेली ती वर्षं. खेड्यातली माणसं शेताचा तुकडा विकून, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात दोन खोल्या शोधत यायची आणि एकाच गल्लीत प्रत्येकाला वेगळा भाव ऐकायला मिळायचा. सलीम म्हणायचा, "बैल निदान दात तरी दाखोते. घर काय दाखोते?"

निवृत्त होऊन तो अकोल्याला परतला आणि त्यानं डॅशबोर्ड केला. म्हणजे मोबाइलवर अकोला आणि अमरावती, दोन्ही शहरांचा नकाशा. वस्तीवर बोट ठेवलं की तिथं विकल्या गेलेल्या घरांचे भाव पट्टीच्या रूपात उघडायचे. कोणालाही, फुकट. उद्घाटनाचे पाहुणे माहितीच्या क्रांतीवर बराच वेळ बोलले आणि पासवर्ड काय आहे असं विचारून गेले. पासवर्ड नव्हताच.

घोटाळा पुढच्याच आठवड्यात झाला. सलीमनं सगळे भाव खरेदीखतांवरून घेतले होते. लोक मोबाइल घेऊन दलालांच्या दारात उभे राहिले, याच भावात द्या म्हणाले. कागदावरचा भाव आणि खरा भाव हे सख्खे भाऊ नसतात, हे अख्ख्या वऱ्हाडाला ठाऊक होतं. फक्त संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाला नव्हतं.

बरं, खरा भाव तोंडानं कोण सांगणार? मग सलीमनं वडिलांचा चौकडीचा रुमाल बाहेर काढला. घर घेतलेल्या माणसाकडे जायचा, चहा प्यायचा आणि रुमालाखाली हात पुढे करायचा. नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीत आलेले एक काका तर, आपण काही सांगणार नाही, असं मला बजावत असतानाच सलीमची बोटं दाबत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, याला संशोधन म्हणायचं का?

"त्यायनं सांगतलं काय? नाही. मले समजलं काय? समजलं. अजून काय पाह्यजे तुले?"

नकाशात दुसरी पट्टी आली: रुमालाचा भाव. दलाल आधी चिडले, मग गुपचूप तीच पाहून दुकान उघडू लागले. एका बिल्डरनं न विकलेल्या घरांचे 'अंदाजे भाव' टाकायचा आग्रह धरला, तेव्हा सलीम एवढंच म्हणाला, "जे इकलंच नाही, त्याले भाव कायचा?" आणि त्या जागा त्यानं पांढऱ्या सोडल्या. या एका वाक्यावर तो दिवसभर खूश होता; भाभीला तीनदा ऐकवलं.

चाळिसाव्याला भाभी उठून आत गेली आणि मोबाइल घेऊन आली. सलीमच्या खुर्चीच्या पाठीवर रुमाल अजून तसाच होता. तो नीट सारखा करून ती शेजारी बसली.

"भाईसाब, मले कायले इचारता? त्यायच्या नकाशात पाहा ना, आमच्या गल्लीत काय भाव चालू हाये."

दलालांनी चष्मा चढवला, गल्लीवर बोट ठेवलं. मग पुन्हा ठेवलं. भाभीनं त्यांना चहा विचारला, त्यांनी घेतला आणि ते निघून गेले.

त्या गल्लीतलं एकही घर कधी विकलं गेलेलं नाही. शहराच्या नकाशावर सलीमच्या घराची जागा पांढरी आहे आणि तिच्यावर बोट ठेवलं की एवढंच उमटतं: माहिती उपलब्ध नाही.